कूळकायद्याची कलमं डोक्यात राहत नसतील तर

जमीन कायद्याच्या पेपरला सालं आणि कलमं नुसती घोकून टिकत नाहीत. घरच्या शेताचा सातबारा आणि त्यावरचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी, काढा.

१. फेरफार सालाप्रमाणे लावा.
२. प्रत्येकापुढे त्यामागचा कायदा लिहा. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला, तर १९४७चा तुकडेबंदी-एकत्रीकरण कायदा. कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं, नाव लागलं, तर १९४८चा कूळकायदा (मराठवाडा आणि विदर्भात कूळकायदे वेगळे). ‘३२ ग’ दिसलं की १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आठवा: त्या दिवशी कुळांनी कसत असलेली जमीन विकत घेतली असं कायद्याने मानलं, आणि तिची किंमत या कलमाखाली ठरते. अशी नोंद सापडली, तर तिच्यावरून घरात जुनी भांडणंही निघतात!

उत्तरात मात्र सातबारा म्हणजे मालकीहक्काचा पुरावा असं लिहू नका. महसूल संहितेच्या कलम १५७नुसार ती नोंद फक्त विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात.