डिस्कव्हरीची उंची स्वतः वाढवताय? या चुका टाळा

लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ किंवा ४ घेतली की फार दिवस जात नाहीत, कुणीतरी सांगतंच: सेन्सरचे रॉड आखूड टाक, गाडी दोन इंच वर येते. हे खरं आहे. चार छोटे रॉड, साधे पाने, आणि स्प्रिंग न बदलता गाडी उंच होते. काम एवढं सोपं असल्यामुळेच घाई होते. मग दोन महिन्यांनी डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा दिवा पेटतो आणि दोष रॉडवर जातो. बहुतेक वेळा दोष रॉडचा नसतो, आधी न केलेल्या तपासणीचा असतो.

डिस्कव्हरी ३ आली २००४ मध्ये, ४ आली २००९ मध्ये, आणि त्याच वर्षी टाटांच्या मालकीखाली लँड रोव्हरची भारतात रीतसर विक्री सुरू झाली. एअर सस्पेन्शन असलेल्या या गाड्यांत प्रत्येक चाकावर हवेची स्प्रिंग असते, गॅरेजमध्ये तिला बलून म्हणतात. प्रत्येक कोपऱ्यात उंची मोजणारा एक सेन्सर असतो. चासीवर बसवलेल्या या सेन्सरचा छोटा दांडा एका रॉडने खालच्या सस्पेन्शन आर्मला जोडलेला असतो. बॉडी वरखाली झाली की दांडा फिरतो आणि सस्पेन्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे कंट्रोलरला, आकडा जातो. रॉड आखूड केला की दांडा अशा जागी येतो की कंट्रोलरला गाडी खाली बसल्यासारखी वाटते. तो हवा भरतो आणि त्याच्या मते गाडी नॉर्मल झाली की थांबतो. प्रत्यक्षात ती ५० मिमी वर उभी असते.

म्हणजे गाडीची खरी उंची तुम्हाला ठाऊक असते, कंट्रोलरला नसते. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

आजारी सिस्टिमवर लिफ्ट (वाढवलेली उंची) चढवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गाडी उंच ठेवायची म्हणजे बलूनमध्ये जास्त हवा लागते आणि ती कंप्रेसरलाच भरावी लागते. या गाड्यांचं वय बघता कंप्रेसरची पिस्टन रिंग झिजलेली असू शकते. रिंग झिजली की कंप्रेसर चालतो खरा, पण हवेच्या टाकीत पुरेसा दाब तयार व्हायला फार वेळ लागतो. तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. शिवाय त्याच्यासोबत हवा कोरडी करणारा ड्रायर असतो. त्यातले दाणे ओलावा धरून धरून निकामी झाले की पाणी पुढे बलूनना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं आणि व्हॉल्व्ह गंजतात, चिकटतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या गाडीत हे आधी बघा. कंप्रेसर उघडून आत काळी पूड दिसली तर ती रिंगची आहे असं समजा. दुरुस्तीचं किट मिळतं, आणि रॉडच्या आधी पैसे तिथे घाला.

कंप्रेसर बदलायची वेळ आली तर आणखी एक गोष्ट. मूळ गाड्यांत हिताची कंप्रेसर होता, नंतरच्या काळात एएमके आला. हिताचीच्या जागी एएमके बसवला तर कंट्रोलरचं सॉफ्टवेअरही त्याप्रमाणे अपडेट करावं लागतं. ते न करता नुसता कंप्रेसर बसवला की नवा कोरा माल असूनही फॉल्ट येतात, आणि दुकानदाराशी भांडण होतं ते वेगळंच.

आता गळती. रात्री उभी केलेली गाडी सकाळी चारही बाजूंनी बसलेली दिसली की लोक चारही बलून गेले असं धरून चालतात. थांबा. गाडी बंद असली तरी कंट्रोलर अधूनमधून जागा होतो, उंची बघतो, आणि एखादा कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तीनही त्याच्या पातळीला आणतो. गळतं एकच, बसतात चारही. खरा चोर शोधायचा तर सपाट जागी गाडी उभी करा, सस्पेन्शन कंट्रोलरचा फ्यूज काढा, प्रत्येक मडगार्डची उंची लिहून ठेवा आणि सकाळी परत मोजा. आता जो कोपरा बसला असेल, तोच गळतोय. मग साबणाचं पाणी घेऊन बलूनच्या घड्या, पाइपचे जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक बघा. बलून जुना असला तर घडीत बारीक चिरा असतात. नॉर्मल उंचीला त्या मिटलेल्या राहतात आणि गाडी वर गेली की उघडतात. लिफ्ट केल्यावर अचानक गळती सुरू झाली, अशी तक्रार येते त्यामागे पुष्कळदा हे असतं.

आणखी दोन गोष्टी रॉडला हात लावण्याआधी तपासा, कारण त्यांचा फॉल्ट सस्पेन्शनच्या नावाने दिसतो. एक बॅटरी. व्होल्टेज पडलं की ही गाडी भलभलते संदेश दाखवते. दुसरी ब्रेक लाइटचा स्विच. हा छोटा स्विच बिघडला की डिस्कव्हरी ३ मध्ये सस्पेन्शनचा आणि हिल डिसेंटचा (उतारावर वेग आवरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा एकत्र लागू शकतो. स्वस्त भाग आहे, पण त्याच्यापायी लोकांनी कंप्रेसर बदलले आहेत.

जेवढं आखूड तेवढं चांगलं, असं मानणं

रॉड १० मिमी आखूड केला म्हणजे गाडी १० मिमी वर येईल असं नाही. रॉड आर्मला चाकापाशी जोडलेला नसतो, बराच आत जोडलेला असतो. त्यामुळे चाकापाशी फरक बराच जास्त पडतो, आणि पुढचं आणि मागचं प्रमाणही सारखं नसतं. चारही रॉड सारखेच कापले तर गाडी नाक वर किंवा खाली करून उभी राहू शकते. आटे असलेले, लांबी बदलता येणारे रॉड घेतले तर थोडं थोडं फिरवत, मोजत पुढे जाता येतं. डावा आणि उजवा मात्र समान ठेवा. त्यात फरक राहिला की वजन तिरपं पडतं, एका कर्णावरची दोन चाकं जास्त भार घेतात.

मर्यादा ओळखणं त्याहून महत्त्वाचं आहे. ऑफ-रोड बटण दाबलं की मूळ गाडी नॉर्मलपेक्षा सुमारे ५५ मिमी वर जाते. पोट टेकलं आणि चाकांवरचं वजन कमी झालं, तर कंट्रोलर ते ओळखून आणखी वर ढकलतो. तुम्ही रॉडने आधीच ५० मिमी वर असाल तर ऑफ-रोडला एकूण १०० च्या पुढे जाता, आणि पोट टेकल्यावरची वाढ मागायला डॅम्परमध्ये, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये, जागाच उरत नाही. कंट्रोलर हवा भरत राहतो, सेन्सरचा आकडा हलत नाही, ठरलेल्या वेळात उंची आली नाही म्हणून तो फॉल्ट टाकतो. मग ‘फक्त नॉर्मल उंची’ असा संदेश येतो, आणि तोही नेमका दगडात अडकलेले असताना.

रॉड फारच आखूड असेल तर चाक पूर्ण लोंबल्यावर सेन्सरचा दांडा दुसऱ्या बाजूला उलटू शकतो. तसं झालं की वाचन उलट येतं आणि तो कोपरा वेड्यासारखा वागतो. म्हणून रॉड बसवल्यावर गाडी स्टँडवर घेऊन, चाक पूर्ण खाली सोडून, दांडा उलटत नाही ना हे डोळ्यांनी बघा.

एक गैरसमजही इथेच काढून टाकायला हवा. रॉडने चाकाची हालचाल वाढत नाही. डॅम्परची लांबी तीच आहे, तुम्ही फक्त मधला बिंदू वर सरकवलाय. पोटाखालची जागा वाढते, पण चाक खाली लोंबायला जी जागा होती ती तेवढीच कमी होते. खड्ड्यात चाक पडलं की खट्ट आवाज येतो तो त्यामुळे. माझ्या मते रोज वापरायच्या गाडीला नॉर्मलवर २५ ते ३० मिमी पुरे. त्याच्या वर जायचं तर कारण हवं, उदाहरणार्थ मोठे टायर.

रॉडही आणि कॅलिब्रेशनही

उंची वाढवायचे दोन मार्ग आहेत: रॉड बदलणं किंवा डायग्नोस्टिक टूलने कंट्रोलरमधले आकडे बदलणं. एका वेळी एकच वापरा. गोंधळ होतो तो असा: मालक आखूड रॉड बसवतो, काही दिवसांनी गाडी दुसऱ्या कामासाठी वर्कशॉपला जाते, तिथला माणूस प्रामाणिकपणे उंची मोजतो, जास्त दिसते म्हणून पुन्हा कॅलिब्रेट करतो. लिफ्ट गेली. आता मालकाने वैतागून जुने रॉड परत बसवले की गाडी नॉर्मलपेक्षाही खाली बसते, आणि कुणालाच कळत नाही का. हे टाळायचं तर काम सुरू करण्याआधी मूळ कॅलिब्रेशनचे चारही आकडे टूलने वाचून वहीत लिहा, आणि वर्कशॉपमध्ये गाडी देताना रॉड बदलल्याचं स्पष्ट सांगा.

मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज हिशेबात येते. जमीन सपाट, गाडी रिकामी, दारं बंद.

हवेवर उभ्या गाडीखाली शिरणं

ही चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. हवेच्या स्प्रिंगवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात, डोकं, काहीही घालू नका. ही गाडी अडीच टनांच्या आसपास वजनाची आहे. रॉड सुटला की सेन्सरचा दांडा मोकळा लोंबतो, कंट्रोलरला भलताच आकडा जातो आणि तो ताबडतोब हवा सोडू शकतो. बॉडी खाली येते, आणि तुमचा हात त्या वेळी चाक आणि मडगार्डच्या मध्ये असतो. दार उघडं ठेवलं की गाडी हलत नाही, यावर बऱ्याच जणांचा भरवसा असतो. त्यावर जीव टांगू नका. चासीखाली मजबूत स्टँड लावा, फ्यूज काढा, मगच रॉडला पाना लावा. पाइपचा जोड उघडायचा असेल तर आधी टूलने हवा सोडून घ्या. टाकीत १६ बारच्या आसपास दाब असतो.

रॉड बसले म्हणजे काम संपलं असं समजणं

उंची बदलली की कॅम्बर आणि टो हे चाकांचे दोन्ही कोन बदलतात. अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने खाऊन टाकेल. खालच्या आर्मचे रबरी बुश या गाडीचं दुखणं आहेच. ते बदललेत तर त्यांचे बोल्ट नव्या उंचीवर, चाकं जमिनीवर असताना आवळा. हवेत लोंबत्या चाकावर आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो, म्हणून त्यांचे रबरी बूट दर सर्व्हिसला बघा.

झेनॉन दिव्यांचं लेव्हलिंगही याच सेन्सरांवर चालतं. पुढे मागे लिफ्ट असमान झाली तर कंट्रोलरला गाडी सपाटच वाटते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. भिंतीसमोर गाडी उभी करून तपासा.

वेगाचंही तसंच. मूळ डिस्कव्हरी ३ ऑफ-रोड उंचीवर ताशी सुमारे ५० किमीच्या वर गेली की स्वतः खाली येते, कारण उंच गाडी वळणावर जास्त कलते. रॉडने मिळवलेली उंची मात्र समृद्धीवर १२० लाही तशीच राहते. कंट्रोलरला ती दिसतच नाही. तिथे वेग तुम्हीच कमी ठेवायचा आहे.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात आडवा येऊ शकतो.

रानात गाडी बसली तर

आधी इंजिन बंद करून थोडा वेळ थांबा. कंप्रेसर तापून बंद पडला असेल तर गार झाल्यावर परत चालतो. मग चारही सेन्सर बघा. चिखलात किंवा काटक्यांत रॉड निसटला असेल, कनेक्टर हिरवा पडला असेल, तर उपाय तिथेच आहे. दूर जाणाऱ्यांनी बलूनच्या पाइपमध्ये टायरसारखे व्हॉल्व्ह असलेले टी-जोड आधीच बसवून घ्यावेत. कंट्रोलरचा फ्यूज काढून टायरच्या पंपाने हवा भरता येते आणि गाडी सावकाश गावापर्यंत आणता येते.

आणि चार मूळ रॉड, सोबत ते बसवायचा पाना, हे गाडीतच ठेवा. फॉल्ट लिफ्टमुळे आहे की दुसऱ्या कशामुळे, हे वाटेत ठरवायचं असेल तर तेवढं पुरतं: मूळ रॉड लावा, कोड पुसा, आणि दिवा परत लागतो का बघा. लागला, तर दोष लिफ्टचा नाही.