अर्धवट कुठलं सोडलंस?

एका सहकाऱ्याने मला विचारलं, "भयकथा सांग एखादी. अशी, की जाम टरकायला झालं पाहिजे." मी मागचापुढचा विचार न करता स्टीफन किंगची 'पेट सेमेटरी' त्याच्या हातात ठेवली. माझी फार लाडकी कादंबरी. दोन दिवसांत ती माझ्या टेबलावर परत आली आणि पुढचा आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता. ज्यांनी ती वाचलीय त्यांना माझा गाढवपणा कळलाच असेल. बाकीच्यांना एवढंच सांगते, घरात लहान मूल असेल तर ती आणखी काही वर्षं लांब ठेवा.

पुस्तकात खोट नव्हती. मी देताना माझ्या आवडीकडे पाहिलं, घेणाऱ्याकडे पाहायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून कोणी पुस्तक विचारलं की आधी मीच विचारते. "आवडतं पुस्तक कुठलं?" हे विचारत नाही, कारण त्याचं उत्तर लोक जरा इस्त्री करूनच देतात. मी विचारते, "अर्धवट कुठलं सोडलंस आणि कुठे सोडलंस?" इथे माणूस खरं बोलतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आरंभीच बंद केलं म्हणणाऱ्याला कल्पित जगाचं वावडं असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याला नडलेली असते ती प्रस्तावना, ज्यात हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचे रीतिरिवाज आणि त्यांच्या चिलमीतल्या पानाचा इतिहाससुद्धा आहे. अशाला नवं पुस्तक कशाला द्यायचं? "प्रस्तावना सोड, पहिल्या प्रकरणापासून वाच" एवढं सांगितलं तरी गाडी सुटते.

मध्यावर सोडणाऱ्याचं दुखणं निराळं. त्याला पसारा झेपत नाही. त्याच्यासाठी उर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आहे. १९६८ सालचं, दोनेकशे पानांचं. वस्तूचं खरं नाव ठाऊक असेल तर तिच्यावर सत्ता चालते, हा तिथल्या जादूचा नियम, आणि एक गुणी पण गर्विष्ठ पोरगा त्या विद्येच्या जोरावर नको ते ओढवून घेतो. एवढं सांगून मी थांबते. नकाशे, राजघराणी, इतिहास यातलं काही सांगत बसायचं नाही.

मालिका सुचवत असाल तर ती पुरी झालीय का, हे आधीच सांगून टाका. जॉर्ज मार्टिनच्या 'साँग ऑफ आइस अँड फायर'चा पहिला खंड १९९६चा, पाचवा २०११चा, आणि सहाव्याची वाट पाहणं चालूच आहे. हे लपवून ते पुस्तक कोणाच्या गळ्यात मारणं म्हणजे शुद्ध फसवणूक. जड भागही सांगावा. फ्रँक हर्बर्टची विज्ञानकादंबरी 'ड्यून' देताना मी शेवटची शब्दसूची उघडून दाखवते आणि म्हणते, पहिली शंभर पानं शब्द अडतील, अडू देत.

विज्ञानकथेची अडचण नावातच आहे. माझ्या धाकट्या बहिणीला तो शब्द ऐकला तरी भौतिकशास्त्राचा पेपर आठवतो. "ताई, मला यातलं काही कळणार नाही," हे ठरलेलं. म्हणून मी तिला प्रकार सांगितलाच नाही, लेखकही नाही. म्हटलं, एक क्रिकेटपटू आहे, नेहमी उजव्या हाताने गोलंदाजी करणारा, तो एकदम डाव्या हाताने टाकायला लागतो. "का?" म्हणाली. मग दिली जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती'. नाव झाकण्याची ही युक्ती खरं तर त्यांचीच म्हणायची. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. बक्षीस पहिलं मिळालं, आणि तेही मोठ्या शास्त्रज्ञाचं नाव कथेवर नसताना. बहिणीने पुढे आपणहून पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमचं 'सोलारिस' मागितलं. त्यात अख्खा ग्रह व्यापणारा एक समुद्र आहे आणि तो माणसांच्या आठवणीतली माणसं त्यांच्यापुढे आणून उभी करतो. तिला अंतराळयान आजही आवडत नाही. पण गेलेलं माणूस दारात दिसलं तर काय करायचं, हा प्रश्न तिला आवडतो.

भयकथेत सगळ्यात जपून राहावं. आधी भीतीची जात विचारा. बाहेरून काहीतरी आत येईल याची भीती वाटणाऱ्याला नारायण धारपांची 'लुचाई' द्या. मात्र ती किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, तेव्हा ते वाचलेलं असेल तर तसं सांगून द्या. 'ड्रॅक्युला'साठी माझी अट सोपी आहे, पहिली चार प्रकरणं वाच. ती एका पाहुण्याची किल्ल्यातली रोजनिशी आहे. तिथे अंगावर काटा आला नाही तर पुस्तक परत दे, पुढे ते जरा रेंगाळतंच. बाहेरच्यापेक्षा स्वतःच्याच मनाची धास्ती असणाऱ्याला शर्ली जॅक्सनचं 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'. वास्तू झपाटलेली की तिच्यात राहायला आलेली बाई, हे मला दोनदा वाचूनही ठरवता आलेलं नाही.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा देताना तोंडाला कुलूप. गोष्ट सांगू नये हे सगळ्यांनाच कळतं, पण "शेवट जबरदस्त आहे हं!" हेसुद्धा म्हणू नये. तेवढं ऐकलं की वाचणारा कथेत शिरतच नाही, शेवटावर दबा धरून बसतो. धक्का बसायचा तो चुकतो आणि वर तो तुम्हालाच सांगतो, "मला आधीच कळलं होतं."

एका वेळी एकच पुस्तक सुचवा. दहा नावांची यादी घेऊन गेलेला माणूस एकही वाचत नाही, असा माझा अनुभव. आणि दिल्यावर "वाचलंस का?" म्हणून मागे लागू नका. फार तर महिन्याभराने "कुठवर आलास?" म्हणा. 'सोडलं' म्हणाला तर बरंच, पुढच्या वेळचा तुमचा प्रश्न वाचला.

आणि मराठीत अद्भुत कुठाय, असं कोणी म्हटलं तर वाद न घालता जी. ए. कुलकर्णींची 'रमलखुणा' पुढे करा. दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. फक्त ती परत येईल या आशेवर राहू नका. माझ्याकडे सध्या आहे ती तिसरी प्रत.