बुडबुडे का येईनात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत विनॉक्सिश्वसनाचा, म्हणजे ऑक्सिजनशिवाय होणाऱ्या श्वसनाचा, प्रयोग दोनदा फसला. "सर, बुडबुडे काही येऊन नाही रायले," पोरं म्हणायची. चूक माझीच होती. विरघळलेली हवा निघून जावी म्हणून गुळाचं पाणी उकळायचो आणि गरम असतानाच यीस्ट घालायचो. ते मरून जायचं.

यंदा पाणी हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो. मग यीस्ट घातलं आणि ऑक्सिजन आत शिरू नये म्हणून वर जवसाच्या तेलाचा थर दिला. बुचातून सलाईनची नळी काढून चुन्याच्या निवळीत सोडली. पहिला बुडबुडा आला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला! निवळी हळूहळू दुधाळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्या दिवशी बूच उघडल्यावर दारूसारखा वास पोरांनीच ओळखला. साखरेचं अल्कोहोल झालंय, हे मला सांगावंच लागलं नाही.