टँकमधले सूक्ष्मजीव न्याहाळताय? या चुका टाळा

सूक्ष्मदर्शक आणला, घरच्या माशांच्या टँकमधल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला आणि काहीच दिसलं नाही, ही तक्रार नवशिक्यांकडून हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा थेंब चुकीच्या जागचा असतो. मधल्या मोकळ्या पाण्यात हे जीव विरळ असतात. त्यांची दाट वस्ती असते पानांच्या खालच्या बाजूला, लाकडावरच्या बुळबुळीत थरात, तळच्या गाळात आणि फिल्टरच्या स्पंजात. ड्रॉपरचा फुगा बाहेरच दाबून घ्या, टोक गाळाशी न्या आणि मग हलकेच सोडा. पाण्यात नेऊन दाबलात तर गाळ उधळतो आणि जीव पांगतात.

माझी आवडती युक्ती याहून सोपी आहे. कोरी काचपट्टी दोऱ्याला बांधून आठवडाभर टँकमध्ये लटकत ठेवा. बाहेर काढल्यावर एक बाजू पुसा, दुसरीवर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच, ठेवा. नशीब असेल तर व्हॉर्टिसेला दिसेल: लांब देठावरची इवलीशी घंटा. टेबलाला धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो आणि मग सावकाश उलगडतो. कितीही वेळा पाहिलं तरी मी श्वास रोखूनच पाहते.

थेट ४०० पटीवर उडी मारू नका. पॅरामेशियम या चपलेच्या आकाराच्या एकपेशीय जीवाची लांबी साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर, त्यामुळे ४० पटीवर शोधायचं आणि १०० पटीवर निरखायचं. फारच पळत असेल तर थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका, वेग आवरतो.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र अतिस्वच्छतेने होतं. नव्या टँकचं पाणी काही दिवसांत दुधाळ झालं की लोक घाबरून सगळं पाणी बदलतात. पण तो जिवाणूंचा बहर असतो. मासे सोडलेले नसतील तर त्याला हात लावू नका. त्या जिवाणूंवर आधी कशाभिका, म्हणजे चाबकासारखी शेपटी, असलेले एकपेशीय जीव पोसतात, मग पॅरामेशियमसारखे पक्ष्माभिकाधारी, म्हणजे अंगभर बारीक केस असलेले, पुढे रोटिफर हे सूक्ष्म बहुपेशीय प्राणी आणि सायक्लॉप्स हे कोळंबीच्या कुळातले इवले जीव. हीच साखळी तर बघायची असते! मासे असतील तर पाण्यातला अमोनिया (माशांना विषारी असा घाणीतून येणारा पदार्थ) तपासा आणि पाणी थोडंथोडंच बदला. स्पंज क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा.

काचेवर पांढरे किडे दिसले की लगेच औषध ओतू नका. तांबं असलेली औषधं कोळंबी आणि गोगलगायींचाही जीव घेतात. आधी भिंगातून डोकं बघा. त्रिकोणी डोकं, दोन डोळ्यांचे ठिपके आणि सरपटण्यात घसरल्यासारखी सफाई, म्हणजे प्लॅनेरिया हा चपटा किडा. दोऱ्यासारखे वळवळणारे किडे बहुधा गाळात राहणारे, निरुपद्रवी असतात. त्यांची संख्या वाढली तर माशांना घालायचं खाणं कमी करा. हायड्रा या एका जागी चिकटून राहणाऱ्या, दोऱ्यांसारखे हात असलेल्या प्राण्याचा डंख मात्र माशांच्या नवजात पिल्लांना भोवतो.

माशांच्या टँकमध्ये डाफ्निया, म्हणजे पाणपिसवा, टिकत नाहीत, मासे त्यांचा फडशा पाडतात. निरीक्षणासाठी पाणवनस्पती असलेली, बिनमाशांची वेगळी बरणी ठेवा.

आणि वही ठेवा. जागा तीच, वेळ तीच, भिंगाची पट तीच. तीन थेंबांतली मोजणी तारखेसकट लिहा. नाहीतर ‘सायक्लॉप्स वाढलेत’ हा नुसता भास ठरतो. सायक्लॉप्सच्या मादीच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या दिसल्या की तो दिवस खूण करून ठेवा. त्यानंतर दिसणारे अंडाकृती, शेपटी नसलेले, तीन जोड्या पायांनी झटके देत पोहणारे ठिपके अनेकजण वेगळी जात म्हणून नोंदवतात. ती सायक्लॉप्सचीच पिल्लं असतात.