ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीसाठी एसएमपीएस घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत गेमिंग पीसी जुळवायला गेलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर तासभर घासाघीस होते. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या युनिटचा, विषय निघेपर्यंत बजेट संपलेलं असतं. "भावा, सातशे वॉटचा हाय, बक्कळ झाला," एवढ्यावर तो खोका पिशवीत जातो. साध्या पीसीत हे खपून जातं. ओव्हरक्लॉक करणार असाल, म्हणजे प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणार असाल, तर खरेदीची सुरुवात एसएमपीएसपासूनच करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर विश्वास

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. म्हणून युनिटच्या अंगावरचा तक्ता वाचा. १२ व्होल्टखाली जे अँपिअर दिलेत त्यांना १२ ने गुणा. ६५० वॉटच्या युनिटवर ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॉट, म्हणजे प्रामाणिक माल. ७०० वॉट छापलंय आणि १२ व्होल्टला ३५ अँपिअरच आहेत? मग तुमच्या कामाचे ४२० वॉटच. दुकानदाराला युनिट खोक्यातून बाहेर काढायला सांगायला लाजू नका.

ओव्हरक्लॉकचा हिशेब न करणं

क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, दहा टक्के वाढवला म्हणजे वीजही दहाच टक्के जास्त लागेल, हा समज सगळ्यात महागात पडतो. वीज क्लॉकच्या पटीत वाढते आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२० वरून १.३५ व्होल्ट केले आणि क्लॉक दहा टक्के चढवला तर खप साधारण ३९ टक्क्यांनी वाढतो. १४० वॉट घेणारा प्रोसेसर १९५ च्या आसपास जातो.

एक उदाहरण घेऊ. कोअर आय५-१४६००के या प्रोसेसरची टर्बोमधली, म्हणजे आपोआप वेग वाढवतानाची, मर्यादा १८१ वॉट आहे. ओव्हरक्लॉकसाठी २२५ धरा. आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड २२० वॉटचं. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं घ्यायच्या विजेची मर्यादा, वाढवून २४०. बोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून ७५. बेरीज ५४०. इथं ५५० चा एसएमपीएस घेणारे भेटतात. पण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतं, आणि तेवढ्यात संरक्षण सर्किट पीसी बंद करतं. या उसळ्या ओळखूनच एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलण्याची अट आली. वरच्या जोडणीला मी एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा ७५० वॉटचाच घेईन. मोठा घेतला म्हणून बिल वाढत नाही. पीसी मागेल तेवढीच वीज तो देतो.

८० प्लस गोल्डचा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, संरक्षणाचा नाही. शिवाय ती चाचणी २३ अंशांना होते. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत कॅबिनेटमधली हवा चाळिशी सहज ओलांडते, म्हणून पूर्ण वॉट किती अंशांपर्यंत मिळतात ते बघा. ५० लिहिलं असेल तर उत्तम.

घरच्या विजेकडे दुर्लक्ष

याकडे कुणीच बघत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथूनच येतात, असं मला वाटतं.

शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण मागं अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडं जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, येऊन बसतो. हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळं. करंट अगदी थोडा असतो, पण चालू पीसीला टीव्हीची एचडीएमआय केबल लावताना पोर्ट जाऊ शकतो. अशा वेळी एसएमपीएस बदलू नका, वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थमध्ये जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत.

दुसरी गोष्ट वळवाची. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वारं सुटलं की लाइट डोळे मिचकावते. एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात यूपीएसनं, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर वीज देणाऱ्या यंत्रानं, सूत्रं हातात घ्यायला हवीत. पण ६०० व्हीए चा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो जागेवर बसतो आणि बोल लागतो एसएमपीएसला. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॉट बघा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर आहे ना, तेही तपासा.

उद्यमनगराच्या आसपास वेल्डिंग आणि मोटारींमुळं दाब खाली-वर होतो. १०० ते २४० व्होल्ट इनपुटचा एसएमपीएस असेल तर त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर नको.

केबल

ग्राफिक्स कार्डाच्या प्रत्येक ८ पिन सॉकेटला वेगळी केबल द्या. एकाच केबलची दोन टोकं ओव्हरक्लॉकला नकोत. १२ व्होल्टचा नवा १६ पिन कनेक्टर पूर्ण आत बसवा आणि तिथून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर वाकवू नका. एका कंपनीची मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुटी होणारी, केबल दुसऱ्या युनिटला कधीही लावू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि ड्राइव्ह जळतात.

गेममध्ये पीसी अचानक रीस्टार्ट होतो तेव्हा

विंडोजमधली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद एवढंच सांगते की पीसी नीट बंद झाला नाही. आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डची सेटिंग, मूळ स्थितीवर आणा. निळी स्क्रीन येत होती आणि ती थांबली, तर दोष बहुधा ओव्हरक्लॉकचा किंवा रॅमचा. निळी स्क्रीन न येता थेट अंधार होत असेल तर ग्राफिक्स कार्डाचं पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. आता चालला, तर संशय एसएमपीएसवर पक्का. १२ व्होल्टचं रीडिंग भाराखाली ११.४० च्या खाली जाता कामा नये. सॉफ्टवेअरचा आकडा कमी वाटला तर मल्टिमीटरनं खात्री करा. एसएमपीएसच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून त्याचा पंखा फिरला, यानं भाराखालची तब्येत कळत नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेला एसएमपीएस वाळवून परत लावू नका. आणि कुठलाही एसएमपीएस घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही साडेतीनशे-चारशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात.