व्हीएचएस कॅप्चर करताना फ्रेम गळतात? आधी दोष टेपचा की कॉम्प्युटरचा ते ठरवा

जुन्या व्हीएचएस टेप कॉम्प्युटरवर घेताना फ्रेम गळू लागल्या, म्हणजे मधली काही चित्रं फाइलमध्ये आलीच नाहीत, की सल्ला ठरलेला असतो: हार्ड डिस्क बदला, रॅम वाढवा. पैसे खर्च करण्याआधी साधा हिशोब करून पाहा. पाल पद्धतीचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, अजिबात कॉम्प्रेस न करता घेतलं तरी डिस्कवर सेकंदाला जेमतेम २१ एमबी लिहावे लागतात. हफवाययूव्हीसारखा लॉसलेस कोडेक, म्हणजे चित्राचा दर्जा न घालवता फाइल लहान करणारी पद्धत, वापरला तर त्याहूनही बरेच कमी. बऱ्या अवस्थेतल्या आजच्या कुठल्याही डिस्कला हे सहज झेपतं. डिस्क जवळपास भरलेली नसावी आणि फॅट३२ फॉरमॅटची नसावी, कारण तिथे ४ जीबीला फाइल अडते. डिस्कचा विषय इथे संपला.

कॉम्प्युटरच्या बाजूची बाकी कामं दहा मिनिटांची आहेत. कॅप्चर डिव्हाइस यूएसबी हबमध्ये नको, थेट मशीनच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. एक्स्टर्नल डिस्कवर साठवत असाल तर ती वेगळ्या कंट्रोलरच्या पोर्टवर लावा. पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सस्पेंड बंद करा. कॅप्चरचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. जुना प्रोसेसर असेल तर थेट एच.२६४ मध्ये (प्रोसेसरला जड जाणारं कॉम्प्रेशन) कॅप्चर करू नका. आधी लॉसलेस घ्या, लहान फाइल नंतर सावकाश करा.

एवढं करूनही फ्रेम गळत असतील तर खरं काम इथून सुरू होतं. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलेला आहे आणि बहुतेक लेख नेमका हाच भाग एका ओळीत उरकतात.

टेपचा एक पाच मिनिटांचा भाग निवडा. तो कॅप्चर करताना फ्रेम कुठे गळतात ते व्हीसीआरच्या काउंटरवरून कागदावर लिहा. टेप मागे घेऊन तोच भाग पुन्हा कॅप्चर करा. दोन्ही वेळा त्याच जागी गळल्या तर दोष टेपमधून येणाऱ्या सिग्नलचा. दर वेळी वेगळ्याच जागी गळल्या तर संशय कॉम्प्युटरवर. मग खात्रीसाठी व्हीसीआर काढा, त्याच केबलने डीव्हीडी प्लेअर जोडा आणि एकही सेटिंग न बदलता कॅप्चर करा. डीव्हीडीचा सिग्नल स्थिर असतो. त्यावर गळती शून्य आली तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. त्यानंतरही कुणी नवी डिस्क घ्यायला सांगितली तर ऐकू नका.

कॅप्चरसाठी व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी एक खूण मिळते. तिथे 'ड्रॉप्ड' (गाळलेल्या फ्रेम) आणि 'इन्सर्टेड' (वाढवलेल्या फ्रेम) असे दोन आकडे दिसतात, दोन्हींवर लक्ष ठेवा. दोन्ही जोडीने वाढत असतील तर डिस्क मागे पडलेली नसते. टेपचा वेग आणि ताण किंचित हलतो, फ्रेम कधी लवकर तर कधी उशिरा येतात, आणि सॉफ्टवेअर वेळ जुळवण्यासाठी एक गाळतं, एक वाढवतं. टायमिंगच्या सेटिंगमध्ये हे दोन्ही पर्याय बंद करता येतात आणि आकडे लगेच शून्यावर येतात. कृपया एवढ्यावर समाधान मानू नका. शून्य दिसतं, पण आवाज हळूहळू सरकायला लागतो. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दहा फ्रेमचा फरक पडला की ओठ आणि शब्द वेगळे झालेले कुणालाही दिसतात.

उपाय कॉम्प्युटरच्या बाहेर आहे. आधी व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड साफ करा आणि ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या पट्ट्यांशी जुळवण्याची सेटिंग, नीट लावा. निम्म्या तक्रारी इथेच कमी झालेल्या मी पाहिल्या आहेत. तरीही गळत असेल तर व्हीसीआर आणि कॅप्चर डिव्हाइस यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी, हवा. इथे घाई करू नका, कारण टीबीसी दोन प्रकारचे असतात. लाइन टीबीसी चित्राच्या वेड्यावाकड्या कडा सरळ करतो, काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. गळणाऱ्या फ्रेमसाठी मात्र फ्रेम टीबीसी लागतो, कारण तो अख्खी फ्रेम साठवून नव्या, स्थिर सिंकसह (फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारी खूण) पुढे पाठवतो. तो महाग पडतो. घरात जुना डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर आधी टेपचा सिग्नल त्यातून फिरवून पाहा. काही मॉडेल सिग्नल बऱ्यापैकी स्थिर करून देतात, सगळी नाही. म्हणून वरचीच पाच मिनिटांची चाचणी पुन्हा करा आणि आकडे ताडून मगच ठरवा.

दोन रेकॉर्डिंगच्या मधल्या कोऱ्या टेपवर सिंकच नसतो, त्यामुळे टीबीसी नसेल तर तिथे फ्रेम गळणारच. ती गळती मोजू नका, पण तिथला सरकलेला आवाज पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये जाऊ देऊ नका. कोरी जागा आली की कॅप्चर थांबवा आणि चित्र स्थिर झाल्यावर नवी फाइल सुरू करा.