कागद थरथरतो, चेंडू तरंगतो: हाताने ॲनिमेशन करताना या चुका टाळा

चित्रकला चांगली आहे, वहीच्या कोपऱ्यात पळणारा माणूस काढून झालाय, मोबाईलवर स्टॉप मोशनचं, म्हणजे एकेक फोटो जोडून फिल्म करायचं ॲप आहे, आणि तरी पहिली दहा सेकंदांची फिल्म बघवत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्यातली बरीच पोरं इथवर येतात आणि ‘आपला हात कच्चा आहे’ असं ठरवून मोकळी होतात. हात बहुतेक वेळा ठीकच असतो. घोळ असतो तो एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंतच्या अंतरात. कागद किती सरकला, चेंडू किती सरकला, कुठलं चित्र पडद्यावर किती वेळ राहिलं, इतकंच. जुन्या स्टुडिओंनी याच कटकटींवर शंभर वर्षांपूर्वी उपाय काढले. ते अजून चालतात आणि फारसे महाग नाहीत.

सगळं चित्रच थरथरतंय

विन्सर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १९१४ साली गर्टी नावाच्या डायनासोरची फिल्म केली, तेव्हा प्रत्येक कागदावर गर्टीबरोबर मागचे खडक आणि तळंही पुन्हा काढावं लागलं. हे गिरवण्याचं काम त्याच्या मदतनिसाने केलं. आज ती फिल्म लावून बघा, मागच्या रेघा हलक्या थरथरताना दिसतील. साधारण त्याच सुमारास राऊल बारे या ॲनिमेटरने कागदाला भोकं पाडून तो खुंट्यांवर बसवायची पद्धत आणली. अर्ल हर्ड या दुसऱ्या ॲनिमेटरने पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त पात्र काढायचं आणि खाली एकच पार्श्वभूमी ठेवायची, या युक्तीचं पेटंट घेतलं. पुढची कित्येक दशकं कार्टून फिल्म या दोन गोष्टींवर उभी राहिली.

व्यावसायिक पेग बारला, म्हणजे कागद बसवायच्या खुंट्यांच्या पट्टीला, मध्ये एक गोल आणि दोन्ही बाजूंना चपट्या अशा तीन खुंट्या असतात. तो मागवता येतो, पण सुरुवातीला त्याची गरज नाही. फायलिंगचा दोन भोकांचा पंच स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. त्याची भोकं ८० मिमी अंतरावर आणि साधारण ६ मिमी व्यासाची असतात. सुताराकडून एका फळीवर त्याच मापाच्या दोन लाकडी खुंट्या बसवून घ्या. खुंटी भोकात किंचित घट्टच बसली पाहिजे. ढिली झाली तर सगळी खटपट फुकट. पंच करताना दहा-दहा कागद एकदम दाबू नका, खालच्या कागदांची भोकं तिरकी जातात. दोन-तीन कागद घ्या आणि पंचाची बाजूची पट्टी ओढून कागद तिला टेकवा.

पावसाळ्यात एक वेगळाच त्रास होतो. कागद दमट हवा ओढतो आणि फुगतो. जूनमध्ये पंच केलेला गठ्ठा आणि ऑगस्टमध्ये पंच केलेला गठ्ठा एकमेकांवर बसेलच असं नाही. कास-महाबळेश्वरकडच्यांनी तर याची खात्रीच धरावी. एका शॉटचे सगळे कागद एकाच दिवशी पंच करून झाकणाच्या डब्यात ठेवा.

एवढं करूनही थरथर राहिली, तर दोष नेमका कुठे आहे ते शोधायची सोपी तऱ्हा आहे. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, खुंट्यांवर बसवूनच, खालची खूण गिरवत एक बारीक फुली काढा. शूटिंग करताना फुलीही दिसू द्या आणि एक खुंटीही. फिल्ममध्ये खुंटी हलली तर मोबाईल हलतोय. खुंटी स्थिर आणि फुली हलते, तर कागद ढिला आहे. दोन्ही स्थिर आणि पात्र तेवढं थरथरतंय, तर मात्र रेघ सुधारायला हवी.

चेंडू पडत नाही, तरंगतो

सगळ्यात जास्त फिल्म इथे बिघडतात. टेबलापेक्षा जरा उंचावरून, समजा ८५ सेंमीवरून, चेंडू टाकायचाय. सेकंदाला १२ चित्रांच्या हिशोबात तो पाच टप्प्यांत जमिनीला लागतो. नवखा माणूस ८५ ला ५ ने भागतो आणि दर चित्राला चेंडू १७ सेंमी खाली आणतो. पडद्यावर तो चेंडू लिफ्टमधून उतरल्यासारखा येतो. खरा चेंडू पहिल्या टप्प्यात जेमतेम साडेतीन सेंमी खाली येतो, मग सुमारे १०, मग १७, मग २४ आणि शेवटी ३० च्या वर. शाळेत शिकलेलं १, ३, ५, ७, ९ हेच ते प्रमाण. वर चित्रांची दाटी, खाली मोकळी जागा. चेंडू उसळून वर गेला की पुन्हा वरच दाटी.

कागदावर हे पटत नसेल तर आधी नाणं घ्या. मोबाईल वरून खाली रोखून लावा, टेबलावर नाणं सरकवत एकेक फोटो काढा, एकदा सारख्या अंतराने आणि एकदा वाढत्या अंतराने. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली ती अशाच तंत्राने, काड्या थोड्या थोड्या हलवत. चित्र न काढता चाल समजून घ्यायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

माणसाच्या हालचालीतही हीच चूक जरा लपून येते. सराव म्हणून मी सूर्यनमस्कार सुचवतो. तो आपल्या जिल्ह्याला परका नाही, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्याच्या प्रसारासाठी आयुष्यभर धडपड केली. शिवाय त्यातल्या स्थिती ठरलेल्या असतात, म्हणजे ‘की पोज’, हालचालीतल्या मुख्य स्थितींची चित्रं, आयत्या मिळतात. चूक होते ती मधल्या चित्रांत. दोन स्थितींच्या बरोबर मध्ये एक चित्र, मग त्याच्याही बरोबर मध्ये एक, असं करत गेलं की माणूस यंत्र होतो. स्थिती सोडताना आणि नव्या स्थितीत स्थिरावताना चित्रं जवळ जवळ हवीत, मधला प्रवास दोन-तीन चित्रांत संपला पाहिजे. हे आधीच की पोजच्या समासात एका उभ्या रेघेवर खुणा करून ठरवा. जुने ॲनिमेटर तेच करायचे, आणि मदतनीस त्या खुणा पाहून मधली चित्रं भरायचे.

मधल्या चित्रात हात सरळ रेषेत नेऊ नका. खांद्याला बांधलेला हात कमानीतच फिरतो. सरळ नेला की मधल्या चित्रात तो आखूड होतो, आणि बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी खटकतं. परतीच्या वाटेवर काही स्थिती पुन्हा येतात, ती चित्रं खुशाल वापरा. पण मधली चित्रं नुसती उलटी लावू नका. खाली वाकताना वजन मदत करतं, उठताना ते उचलावं लागतं.

फिल्म तयार झाल्यावर झटके देते

कागद ठीक, चाल ठीक, आणि सेव्ह केल्यावर मात्र उचकी लागल्यासारखी फिल्म चालते. ॲपची सेटिंग बघा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे पडद्यावर एका सेकंदात २४ सुटी चित्रं. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं की १२ चित्रांत भागतं. पण फाईल ३० फ्रेमवर सेव्ह केली की प्रत्येक चित्राच्या वाट्याला अडीच फ्रेम येतात. अर्धी फ्रेम तर दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र दोन फ्रेम, पुढचं तीन. २४ निवडा, ॲपमध्ये नसेल तर १२. पार्श्वभूमी सरकत असेल तर ती दर फ्रेमला सरकवा, नाहीतर पात्राच्या मागे ती अडखळत जाते.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

पहिल्याच फिल्मला अंगरखा, शेला, भिकबाळी आणि मिशांचे केस असलेला मावळा घेऊ नका. दहा सेकंदांची १२० चित्रं होतात, भिकबाळी १२० वेळा काढावी लागेल. जुन्या कार्टूनमधली पात्रं गोलगोल आणि चार बोटांची होती, त्याला हेही एक कारण होतं.

चेंडू आपटल्यावर चपटा केलात तर तितकाच रुंदही करा, नाहीतर त्यातली हवा गेली असं वाटतं.

व्हिडिओवर रेघ गिरवणं, म्हणजे रोटोस्कोप, ही जुनीच युक्ती आहे. मॅक्स फ्लायशर या ॲनिमेटरला त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. संदर्भ म्हणून उत्तम, पण जशीच्या तशी गिरवलेली चाल बहुतेकदा निर्जीव दिसते. की पोज व्हिडिओवरून उचला, थोड्या ताणून मोठ्या करा आणि मधलं स्वतः काढा.

ॲनिमेशनची बारा तत्त्वं पाठ करायची टूम आहे. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ती १९८१ मध्ये पुस्तकात मांडली, दोघांनीही त्याआधी डिस्नेच्या स्टुडिओत अनेक दशकं काढली होती. सुरुवातीला वेळ आणि अंतर एवढी दोनच धरा. आणि शाईचं पेन हातात घ्यायच्या आधी कच्च्या पेन्सिल-चित्रांची फिल्म काढून बघा. डिस्नेकडेही १९३० च्या दशकात ही शिस्त होती.

आवाज नंतर चिकटवणं

लेझीमचं पथक काढायचं ठरलं, चित्रं झाली, मग हलगीचं रेकॉर्डिंग शोधलं, आणि पावलं ठेक्यावर पडेनात. आधी ठेका ठरवा. डिस्नेने १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’साठी ठेका आणि फ्रेम यांचा हिशोब आधीच जुळवून घेतला होता, वाद्यवृंद नंतर रेकॉर्ड झाला. हिशोब असा: मिनिटाला २४ गुणिले ६० म्हणजे १४४० फ्रेम, त्यांना मिनिटातल्या ठोक्यांनी भागा, म्हणजे एका ठोक्याला किती फ्रेम ते कळतं. १२० ठोके असतील तर १२ फ्रेम, ९० असतील तर १६. १०० ठोके घेतले तर १४.४ येतात, आणि दर ठोक्याला १४ धरलं की दहाव्या ठोक्यापर्यंत चार फ्रेमची तफावत पडते. ठेका आपणच वाजवून घेणार असाल तर ९०, १२० किंवा १४४ घ्या. पाऊल ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी टेकलं तर चालतं, उलट छान दिसतं. उशिरा टेकलं की लगेच कळतं.

शूटिंगच्या दिवशी खिडकी बंद करा, ढग आला-गेला की फिल्म उजळते आणि काळवंडते. मोबाईलचा फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. दिव्यामुळे पट्टे किंवा लुकलुक दिसत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि पंखा बंद.